प्रोफेसरसाहेबांचा अहवाल आणि दुकान नंबर नऊ

अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकानं मला फसवलं. अकोल्यात, माझ्याच माडीवर, माझ्याच खुर्चीत बसून फसवलं. कापडाच्या धंद्यात मला बनवायला अहमदाबादचे दलाल आले, मुंबईचे आडते आले, आणि सगळे चहा पिऊन परत गेले. हा एकटा माणूस मला चुना लावून गेला, आणि तोही एक अक्षर खोटं न बोलता. खोटं बोलणाऱ्याची मानगूट तरी धरता येते.

मी मूळचा बार्शीटाकळीकडचा. खांद्यावर लुगड्यांचा गठ्ठा टाकून बाजारोबाजार पायी हिंडायचो. त्यातून अकोल्याच्या कापडबाजारात स्वतःचं दुकान, वर माडी, मागे चार खोल्यांची चाळ, एवढं केलं, आणि कोणापुढे हात पसरला नाही. भावात मी सख्ख्या भावाला सोडलं नाही. गिऱ्हाईकानं निम्म्यावर मागितलं की माझं डोकं फिरायचं, हेही कबूल करतो. पण मापाचा लोखंडी गज हातात घेतला की मी वेगळा माणूस. पाच वार म्हणजे पाच वार, वर बोटभर जास्त. भाव ही बोलण्याची गोष्ट आहे, त्यात रडावं, भांडावं, शपथा घ्याव्यात. मापात बोलायचं नसतं.

फाळणीनंतर सिंधकडचे निर्वासित अकोल्यात आले. आधी छावणीत राहिले, मग बाजारात उतरले. बरोबर माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर त्यांनी चादरी अंथरल्या आणि कापड विकायला लागले. नफा थोडा, तोंड हसरं, आणि प्रत्येक बाईला 'बहनजी'. आम्ही कापडवाल्यांनी नगरपालिकेत अर्ज दिला की यांना इथून उठवा, आमचा धंदा बसला. अध्यक्ष वकील होते. ते म्हणाले, धंदा खरंच बसला का ते आधी तपासू, कॉलेजातल्या कोणा अर्थशास्त्रवाल्याकडून पाहणी करून घेऊ. कॉलेजात अर्थशास्त्रवाला एकच होता, आणि तो माझ्या माडीवर भाड्यानं राहत होता. मी त्या दिवशी देवापुढे नारळ फोडला.

उंच, पुढे वाकलेला माणूस. वैशाखातही बंद गळ्याचा कोट. अकोल्याच्या वैशाखात लोक अंगावरचा सदराही नकोसा होऊन बसतात, आणि हे कोटाची वरची गुंडीसुद्धा काढायचे नाहीत. घरात बायको नाही, मूल नाही, एक स्टोव्ह आणि सगळीकडे कागद. बाजारात त्यांचं एक वेड प्रसिद्ध होतं. ते घासाघीस करायचे नाहीत. भाजीवालीनं वांग्यांचा जो भाव सांगितला तो देऊन चालू लागायचे. बाकीच्यांना वाटेल, भाजीवाली खूष असेल. छे. ती माझ्या दुकानात येऊन कुरकुरायची, "शेटजी, ह्या तुमच्या प्रोफेसराले काई तरी सांगा. म्या चार आने म्हनलं, त्यानं चार आने देल्ले. मले रातभर वाटते, आठ म्हनलं असतं तं आठ देल्ले असते. ह्या मानसासंगं धंदा कराची मजाच नाई."

मी त्यांना विचारलं, असं का करता. तर म्हणाले, "तिनं सांगितलेला भाव ही एक माहिती आहे, शेटजी. मी ती बदलायला लागलो तर मला माहिती कुठून मिळणार?"

याच माणसापुढे मी पाहणीचा कागद भरायला बसलो, आणि इथं माझं पहिलं चुकलं. बाजारात पहिला आकडा कधी खरा नसतो. मी दुप्पट सांगायचं, तुम्ही निम्म्यावर मागायचं, मग चहा, मग भांडण, मग मधे कुठंतरी दोघांनी यायचं. जन्मभर मी असंच बोलत आलो. त्यांनी विचारलं, निर्वासित आल्यापासून धंदा किती कमी झाला. मी सांगितलं, निम्मा. खरं म्हणजे फार तर थोडा कमी झाला होता. मला वाटलं, ते म्हणतील, छे छे, निम्मा कसा असेल, मग मी शपथ घेईन, आणि आम्ही पावभागावर सौदा मिटवू. त्यांनी 'निम्मा' लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

"असं कसं?" मी म्हणालो. "तुमी काई म्हनत कावून नाई?"

"मी काय म्हणणार? धंदा तुमचा."

"आवो, पन येकदम निम्मा लेहून राहिले तुमी. लोक हासतील ना बावा."

"मग किती लिहू?"

आता सौदा एकतर्फी कसा करणार? त्यांनी 'निम्मा' च्या पुढे कंसात लिहिलं, 'सांगितलेले, मोजलेले नाही.'

पुढचा प्रश्न जन्मगावाचा. बार्शीटाकळी, मी सांगितलं. या शहरात कधी आलात, त्यांनी विचारलं, आणि शांतपणे मला 'बाहेरून आलेले' या रकान्यात टाकलं. मी उडालोच.

"बार्शीटाकळी काय परदेस हाय? इथून सायकलीवर जाते मानूस."

"या शहरात जन्मलेले आणि या शहरात न जन्मलेले, असे दोनच रकाने आहेत. व्याख्या मी आधी ठरवली, तुम्ही नंतर बसलात."

"आन तुमी?"

त्यांनी गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा कागद दाखवला. त्यावर त्यांचंच नाव होतं, आणि तेही बाहेरून आलेले. मग कळलं की आमच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांत अकोल्यात जन्मलेले मोजकेच होते. कोणी बाळापूरचा, कोणी मारवाडकडून आलेल्याचा मुलगा, कोणी माझ्यासारखा गठ्ठा घेऊन आलेला. बाहेरच्यांना हाकला, असा अर्ज बहुतेक बाहेरच्यांनीच केला होता. मी म्हटलं, हे अहवालात घालू नका. ते म्हणाले, अहवालात आहे ते घातलंच आहे.

सांगितलेलं मोजायला मग ते स्वतः निघाले. कोटाच्या डाव्या खिशात मूठमूठ चिंचोके. दुपारी चार वाजता माझ्या दुकानाच्या कोपऱ्यावर उभे राहायचे आणि एक गिऱ्हाईक दुकानात शिरलं की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. विकत घेऊन बाहेर पडलं की तो चिंचोका आतल्या खिशात. काही न घेता बाहेर पडलं की पँटच्या खिशात. बाकीच्या दुकानांसमोर आणि फुटपाथवरच्या निर्वासितांसमोरही तेच. महिनाभर हा कोटवाला बगळा बाजारात उभा. बायका आधी घाबरल्या, मग सवयीनं त्यांना विचारायला लागल्या, "दादा, आज कोनाच्या इथं गर्दी हाय?" ते सांगायचे नाहीत. पाहणी संपल्याशिवाय नाही.

आता त्यांच्या उंबऱ्याची गोष्ट सांगतो. माझ्या माडीला रस्त्याच्या बाजूनं उघडा सज्जा आहे, आणि खोली आणि सज्जा यांच्यामध्ये चांगला वीतभर उंच सागवानी उंबरा. प्रोफेसरसाहेबांचा नियम असा की उंबऱ्याच्या आत फक्त मोजलेलं बोलायचं, मत द्यायचं तर उंबऱ्याबाहेर जाऊन. मी एकदा भर दुपारी वर जाऊन स्पष्ट विचारलं, "प्रोफेसरसायेब, येक सांगा. ह्या लोकाईले उठवाव का नाई?" ते खुर्चीतून उठले, उंबरा ओलांडून सज्ज्यावर गेले. सज्ज्याच्या पत्र्यावर त्या वेळी भाकर भाजली असती. तिथं अनवाणी एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत म्हणाले, "उठवू नये. घर सुटलेल्या माणसाला दुकानही सोडायला लावणं मला बरोबर वाटत नाही." मग आत येऊन बसले आणि तळवे चोळत म्हणाले, "आता विचारा."

"आत काय म्हनता?"

"आत मला माहीत नाही. चिंचोके मोजून व्हायचे आहेत."

मी खाली येऊन बायकोला सांगितलं, वर ठेवलेला माणूस एक नाही, दोन आहेत आणि भाडं एकाचंच मिळतं.

मला वाटलं, सज्ज्यावरचा माणूस निर्वासितांच्या बाजूचा आहे, म्हणजे अहवालही तसाच येणार, सगळं नाटक. तिथंच मी फसलो. निर्वासितांच्या पंचायतीचे दोघं एकदा पेढे आणि हार घेऊन आले. त्यांना कुठून तरी कळलं होतं की फुटपाथवाल्यांमुळे बाजारात गर्दी वाढली असं मोजमापात निघतंय. ते म्हणाले, तेवढं एक पान द्या, आम्ही पत्रक छापतो. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो.

प्रोफेसरसाहेब म्हणाले, "त्याच्या पुढच्या पानावर लिहिलंय की खांद्यावर गठ्ठा घेऊन फिरणाऱ्यांचा धंदा तुमच्यामुळे खरोखर बुडाला. त्याच्या पुढच्या पानावर लहान खोल्यांची भाडी वाढली असं आहे. सगळं छापा, नाहीतर काही छापू नका."

"साब, हम तो समझे थे आप हमारे हैं," त्यातला थोरला म्हणाला.

ते उठून सज्ज्यावर गेले. "इथं आहे," म्हणाले. मग आत आले. "इथं नाही. पेढे घेऊन जा."

पेढे त्यांनी जाताना मला दिले. मी घेतले.

अहवाल नगरपालिकेच्या सभागृहात वाचला गेला. आम्ही सगळे कापडवाले पुढच्या बाकांवर. त्यांनी वाचलं की फुटपाथ भरल्यापासून रस्त्यावर येणारं गिऱ्हाईक वाढलं, आणि फुटपाथवर आलेल्या बायका पुढं दुकानांतही शिरतात. मग गठ्ठेवाले, मग भाडी. मग ते म्हणाले, "दुकान क्रमांक नऊ याला अपवाद आहे. तिथे शिरणारे गिऱ्हाईक वाढले, पण बहुतेक काही न घेता बाहेर पडते. कारण: दुकानदाराचे ओरडणे."

सभागृह हसलं. मी उभा राहिलो. "हा नऊ नंबर कोन?"

"नावं गुप्त ठेवायचं मी वचन दिलेलं आहे."

"वचन गेलं खड्ड्यात. नऊ नंबर मी हावो. म्या कवा ओरडलो? कोनावर ओरडलो? आना त्याले इथं."

"तुम्ही नऊ नंबर आहात हे तुम्ही सांगितलंत," ते म्हणाले. "मी सांगितलेलं नाही. तशी नोंद व्हावी."

आणि माझा आवाज, लोक सांगतात, तेव्हा रस्त्यावर ऐकू येत होता. अध्यक्ष म्हणाले की या मुद्द्यावर आणखी साक्ष घ्यायची गरज दिसत नाही.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, मग यांना उठवायचं की नाही. हे अहवालात नाही, प्रोफेसरसाहेब म्हणाले. बरं, तुमचं मत सांगा, अध्यक्ष म्हणाले. यांनी इकडेतिकडे पाहिलं, दार शोधलं, आणि मत द्यायला बाहेर व्हऱ्हांड्यात गेले. शिपायाला वाटलं, साहेबांचं काम संपलं, त्यानं दार लावून घेतलं. बाहेरून काही तरी पुटपुट ऐकू आली. सभागृहानं मत न ऐकताच ठराव केला. फुटपाथवर चुन्याची रेघ मारायची, निर्वासितांनी रेघेच्या आत बसायचं, उठवायचं नाही.

मी त्याच संध्याकाळी माडी रिकामी करायला सांगितलं. ते बरं म्हणाले आणि कागद बांधायला लागले. ते एवढ्या पटकन बरं म्हणाले की मला सौदा तुटल्यासारखं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच जाऊन म्हटलं, राहा. तेव्हाही ते बरं म्हणाले. पुढच्या वर्षी त्यांना अमरावतीच्या कॉलेजात नोकरी लागली आणि ते गेले. जाताना नगरपालिकेनं छापलेल्या अहवालाची एक प्रत माझ्या हातात दिली. "पूर्ण वाचा," म्हणाले.

मी वाचला. फिर्याद लावायला काही सापडतं का, यासाठी वाचला. पहिल्या वेळी सापडलं नाही म्हणून पुन्हा वाचला. वर्षातून एकदा, दिवाळीची गर्दी ओसरली की मी तो काढून बसायचो. बायको म्हणायची, लोक पोथी वाचतात, हे वैऱ्याचं पुस्तक वाचून राहिले. होता होता तो मला पाठ झाला.

मधल्या काळात वऱ्हाड मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं. तेव्हा अमरावतीहून त्यांचं कार्ड आलं. 'शेटजी, आपण दोघे जागचे न हलता दुसऱ्या राज्यात आलो. आपल्याला कोणत्या रकान्यात घालावे, विचार करतो आहे.' मी उत्तर दिलं नाही. पुढं महाराष्ट्र झाला तेव्हा तसंच दुसरं कार्ड आलं.

साठ सालानंतर नगरपालिकेच्या निवडणुकीत मला एका पक्षाची उमेदवारी मिळायची होती. जवळजवळ ठरलं होतं. मी आयुष्यभर ज्या नगरपालिकेत अर्ज घेऊन उभा राहिलो, तिथं खुर्चीवर बसायची माझी इच्छा होती. ती लपवत नाही. संध्याकाळी चौकात सभा. बाहेरगावचे एक पुढारी आलेले. माझ्या गळ्यात हार. घोषणा व्हायच्या आधी पुढाऱ्यांनी निर्वासितांचा विषय काढला, कारण वॉर्डात तो चालायचा. खिशातून कागद काढून ते म्हणाले, "हे आम्ही नाही म्हणत. कॉलेजचे प्राध्यापक म्हणतात. ऐका. 'बाहेरून आलेल्यांमुळे लहान खोल्यांची भाडी वाढली.'" आणि कागद खिशात ठेवला.

टाळ्या पडल्या. मी बसलो होतो. पण वाक्य तिथं संपत नव्हतं. मला माहीत होतं ना, पाठ होतं. दुकानात माझ्या डोळ्यांदेखत कोणी पाच वारांतलं दीड वार फाडून गिऱ्हाईकाच्या हातात दिलं आणि पाच म्हणून सांगितलं, तर मी गप्प बसलो असतो का? माझा मुलगा असता तरी थोबाडला असता. मी उभा राहिलो.

"सायेब, वाक्य पुरं करा."

"काय?"

"पुढं हाय. 'आणि ही वाढ घेणारे घरमालक या शहराचे जुने रहिवासी होते.' आसं हाय ते. अर्धं कावून वाचून राहिले?"

पुढारी हसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवायला लागले. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "शेटजी, चाळ तं तुमचीबी हाय. तुमी कितीनं वाढवलं?"

याचं उत्तर सोपं होतं. मी एका पैशानंही वाढवलं नव्हतं. पण असा प्रश्न विचारलाच कसा, या रागानं मी बोलायला लागलो, आणि किती वेळ बोललो ते मला आठवत नाही. ऐकणारे म्हणतात की त्यात त्या माणसाच्या तीन पिढ्या आल्या, भाड्याचा उल्लेख आला नाही. सभा उठली. उमेदवारी तेलाच्या दुकानवाल्याला मिळाली, आणि तो निवडूनही आला.

भाडं का वाढवलं नव्हतं, तेही सांगून टाकतो. चाळीच्या शेवटच्या खोलीत निर्वासितांतली एक म्हातारी मी ठेवली होती. पापड लाटून विकायची. सगळ्यांनी भाडी वाढवली तेव्हा मीही तिच्याकडे गेलो. मी दुप्पट सांगितलं. ती म्हणाली, "बेटा, बैठ." पापड भाजून दिला. मग ती रडली, मग हसली, मग गळक्या कौलांकडे बोट दाखवलं, मग तिच्या गावच्या घराच्या खोल्या मोजल्या, मग म्हणाली की खरं तर भाडं कमी करायला हवं. तासाभरानं मी उठलो तेव्हा जुन्याच भाड्यावर राहिलं आणि वर कौलं बदलून द्यायचं मी कबूल केलेलं होतं. माझ्या आयुष्यात घासाघिशीत माझ्यावर मात करणारी ती एकटी. ही काय बाजारात सांगायची गोष्ट आहे? मी सगळ्यांना सांगायचो, माणुसकी म्हणून वाढवलं नाही.

गेल्या महिन्यात मी मोझरीला गेलो होतो. येताना अमरावतीला उतरलो आणि प्रोफेसरसाहेबांचं घर शोधलं. आता पुरते वाकलेत, कोट तोच. मी सभेची सगळी हकिगत सांगितली. तुमच्या एका वाक्यासाठी माझी खुर्ची गेली, हे सांगितलं. मला वाटलं, म्हातारा गहिवरेल, निदान चहा टाकेल. त्यांनी विचारलं, "पान कुठलं?"

मी पान सांगितलं.

"आणि तळटीप वाचलीत का?"

"कोनती तळटीप?"

त्यांनी त्यांची प्रत काढून माझ्यापुढे धरली. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांची एक ओळ. ती मी दरवर्षी पाहिली होती. कापडाच्या ठाणाला खालच्या काठावर गिरणीचा शिक्का असतो, तो कोणी वाचत नाही. तसंच हे छापखान्याचं नाव असेल, असं समजून मी कधी तिथं डोळा नेला नव्हता. त्यांनी चष्मा दिला. मी वाचलं.

'अपवाद: दुकान क्रमांक नऊच्या मालकाने भाडे वाढवले नाही. कारण विचारले असता ते ओरडले. त्यामुळे नोंदवता आले नाही.'

सभेत एवढी एक ओळ म्हटली असती, तर तो माणूस गप्प बसला असता आणि खुर्ची माझी होती.

"म्हणजे तुम्हीही सभेत माप कमीच दिलंत, शेटजी," ते म्हणाले.

कमी मापाचा आरोप माझ्यावर उभ्या आयुष्यात कोणी केलेला नाही. मी तिथून उठून आलो आणि सरळ अकोल्याची मोटार धरली. तेव्हापासून मला चैन नाही. माझं ओरडणं अहवालाच्या ऐन मध्यात, मोठ्या अक्षरांत, सभागृहात वाचून दाखवलं, आणि माझा चांगुलपणा पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत टाकला. निवडणुकीच्या सभेत तळटीप वाचतं कोण? हा अहवाल त्यांनी लिहिला, अक्षर त्यांनी ठरवलं, पान त्यांनी लावलं. कोणती गोष्ट वर घ्यायची आणि कोणती खाली, हे त्यांनी कशानं मोजलं? मी पत्रानं विचारलं आहे. याचं उत्तर त्यांनी मला द्यावं, लेखी द्यावं, आणि डोळ्याला दिसेल एवढ्या अक्षरांत द्यावं.